हेडाला घाम फुटला तेव्हा

आमच्या घरात कुणाला हाक मारून उठवायची पद्धत नव्हती. मागच्या बाजूला आमची लोखंड ओतायची फौंड्री होती, आणि तिथं सकाळी वाळू ठोकायला सुरुवात झाली की स्वयंपाकघरातल्या फळीवरची भांडी अंगात आल्यासारखी थरथरायची. त्यातलं जर्मनचं एक झाकण सैल होतं. ते वाजायला लागलं की आई चुलीपुढूनच ओरडायची, “मंगे, झाकण उठलं, तू कवा उठणार?” मी उठायची नाही. मी तेव्हा नुकतीच बारावी झालेली, दोन वेण्या पुढं घेऊन आरशापुढं उभी राहणारी, आणि आपल्याला चारचौघांपेक्षा जास्त कळतं अशी पक्की खात्री असलेली मुलगी होते. आज ती समोर आली तर मी तिच्या हातात झाडू देईन आणि म्हणेन, बाई, आधी अंगण झाड, मग तुला काय काय कळतं ते सांग.

फौंड्री म्हणजे फार मोठं काही डोळ्यापुढं आणू नका. पत्र्याची शेड, एका टोकाला भट्टी, मध्ये काळ्या वाळूचे ढीग, आणि घर व शेड यांच्यामध्ये एक दार, जे कधी लावलेलं मी पाहिलं नाही. पुढं माझ्या भावांनी सगळं कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत नेलं. तिथं आता दारं आपोआप उघडतात म्हणे. आमच्याकडं पाण्याच्या पंपाला लागणाऱ्या डिझेल इंजिनांची हेडं ओतली जायची. इंजिनाच्या सिलिंडरवर झाकणासारखं बसतं ते हेड. बाहेरून नुसता ठोकळा, पण आतून पोकळ, कारण इंजिन तापलं की त्याला गार ठेवणारं पाणी त्या पोकळीतनं फिरतं. ही पोकळी यावी म्हणून साच्यात आधी वाळूचाच एक गाभा ठेवतात. त्याला आमच्यात कोअर म्हणत. वाळूत जवसाचं तेल आणि काकवी कालवून तो करायचा आणि ओव्हनमध्ये भाजायचा. त्या भाजण्याचा वास आमच्या अंथरुणांना होता, माझ्या वेण्यांना होता. गूळ करपावा आणि शेजारीच जवसाची चटणी कुटावी, असा. कॉलेजात पोरी मला ‘चटणी’ म्हणायच्या. अजूनही कुणी ताटात जवसाची चटणी वाढली की मला भूक लागत नाही. मला वाटतं, आता भट्टी पेटणार, आणि मान आपोआप मागच्या दाराकडं वळते.

अण्णा, म्हणजे माझे वडील, मालक होते. पण हेडाचे साचे धरायचे ते मामांनीच. मामा म्हणजे आत्तीचा नवरा, आणि आत्ती अण्णांची थोरली बहीण. दोघं मुरगूडहून चार दिवसांसाठी म्हणून आले होते ते मागच्या खोलीत कायमचे राहिले. मूलबाळ नव्हतं. मामा बोलायचे कमी, इतके कमी की जेवताना मीठ हवं असलं तरी मिठाकडं नुसतं बघत बसायचे, आणि आत्ती त्या बघण्यावरनं ओळखायची. फौंड्रीत सगळे त्यांना वस्ताद म्हणत. त्यांना घाम फार यायचा, आणि तोही कसा, तर डाव्या कानशिलावर, बाकी कपाळ कोरडं. भट्टीच्या दिवशी आत्ती नाचणीची आंबील करायची, ताक घालून, वर कांदा चिरून. मामा ती दारातच उभ्यानं प्यायचे आणि पिता पिता आत्ती पदराच्या टोकानं ते कानशील पुसायची. नवरा-बायकोनं चारचौघांत एवढं जवळ येणं आमच्यात बसत नव्हतं. पण त्या दोघांना कुणी काही म्हणायचं नाही. मला मात्र ते बघून लाज वाटायची, कारण मला वाटायचं प्रेम म्हणजे काहीतरी वेगळं, पांढऱ्या शर्टातलं असतं.

मामा गेले ते भट्टीच्याच दिवशी. वितळलेल्या लोखंडाच्या रसाची लॅडल, म्हणजे दोन्हीकडं लांब दांडे असलेलं भांडं, दोघांनी धरून चालली होती. पुढं मामा, मागच्या दांड्याला दस्तगीरचाचा. दस्तगीरचाचा गावातल्या जुन्या मुसलमान घरातले, मिसरूड फुटल्यापासून मामांच्या हाताखाली वाढलेले. साचा भरता भरता मामा म्हणाले, “दस्तगीर, खाली ठेव.” दोघांनी लॅडल सरळ खाली टेकवली, थेंब सांडला नाही. मग मामा वाळूवर बसले, एका कुशीवर झाले, आणि संपलं. दस्तगीरचाचा पुढं कितीतरी दिवस एकच वाक्य सांगत राहिले, “वस्तादनं आदी रस ठेवला, मग जीव ठेवला.”

शेडच्या कोपऱ्यात मामांची एक फळी होती. तिच्यावर त्यांच्या थाप्या, एक पितळी सळई आणि डालड्याचा एक डबा. ह्या डब्यात चापलेटं असायची. चापलेट म्हणजे बोटाच्या पेराएवढा लोखंडी पाय, वर कथलाचा मुलामा दिलेला. वाळूचा गाभा साच्यात अधांतरी राहणार कसा? तर तो ह्या पायांवर उभा करायचा. मग रस ओतला की पाय त्यातच वितळून भिंतीत एकजीव होतो, त्याचा मागमूस राहत नाही. मामांच्या माघारी साचे दस्तगीरचाचांकडं आले, पण त्यांनी एक रीत पाडली. दुकानातनं नवी चापलेटं आली की ती आधी मामांच्या डब्यात ओतायची, आणि मग तिथनं उचलून वापरायची. “वस्तादच्या डब्यातनं आलं म्हंजे त्यांच्याच हातनं आलं,” म्हणायचे. ह्यात कुणाला काही वावगं दिसलं नाही. आम्ही तसलीच माणसं. आमच्यात मेलेल्या माणसाची छत्रीसुद्धा विचारून घेतात.

आणि मग हेडं गळायला लागली.

गळणं म्हणजे धार नव्हे. घासून तयार झालेल्या हेडाची सगळी भोकं पट्ट्या लावून बंद करायची, हातपंपानं आत पाणी भरून दाब द्यायचा आणि बघत बसायचं. चांगलं हेड कितीही वेळ बघितलं तरी कोरडं राहतं. पण ह्या हेडांना बघता बघता घाम फुटायचा. आधी लोखंड नुसतं काळं पडायचं, मग बारीक दंव यायचं, मग त्याचा एक थेंब व्हायचा आणि ओघळायचा. आणि जागा? प्रत्येक हेडाला तीच, डाव्या अंगाला, वरच्या कडेच्या खाली. पहिल्यांदा अण्णांनी पावसाला शिव्या घातल्या. गगनबावड्याकडनं ढग उतरले की आमची वाळू चार-चार दिवस दमट राहायची, आणि दमट वाळू म्हणजे हेडात फुगे. वाळू चाळली, भाजली, बदलली. घाम काही जाईना. अण्णा, दस्तगीरचाचा आणि हाताखालची दोन माणसं चाचणीच्या टेबलाभोवती उभी राहायची. फक्त पंपाच्या दांड्याचा कुईकुई आवाज.

एके दिवशी आत्ती तिथं चहा घेऊन गेली. थेंब ओघळताना तिनं बघितला. ट्रे खाली ठेवला, पुढं झाली आणि पदराच्या टोकानं तो थेंब टिपला. परत आला. परत टिपला. मग ती अण्णांकडं न बघताच म्हणाली, “बाबू, ह्यास्नी हितंच घाम यायचा.”

मी दारात होते. सांगते, माझ्या अंगावर जो काटा आला तो बरेच दिवस गेला नाही. अण्णांनी पंपाचा दांडा सोडला. दस्तगीरचाचांनी पायातल्या चपला काढल्या आणि बाजूला सरकवल्या. दुसऱ्या दिवशी पाहते तर टेबलाजवळ सगळ्यांच्याच चपला ओळीनं काढलेल्या. त्यानंतर चाचणी असली की आत्तीची वाट बघायची, ती आल्याशिवाय कुणी पंप मारायचं नाही, असं होऊन बसलं. ती यायची, स्टुलावर बसायची, हेडावर हात फिरवायची. “लई काम पडलं व्हय आज?” असं काहीतरी हळू बोलायची. आणि हेडाला घाम यायचा. ती तो पुसायची. तिच्या तोंडावर तेव्हा जे असायचं त्याला सुखच म्हणावं लागेल, पण ते बघवत नव्हतं.

अशा वेळी घरातल्या शहाण्या मुलीनं काय करावं? मी भूत शोधायला निघाले. मी दर आठवड्याला वाचनालयातनं भुतांच्या गोष्टींची पुस्तकं आणत असे, त्यामुळं ह्या विषयात आपला अभ्यास आहे असं मला वाटे. कोअर भाजायच्या ओव्हनमागं मी कान लावला आणि मला स्पष्ट खोकला ऐकू आला. मामांचाच. तो भट्टीच्या पंख्याच्या बेअरिंगचा आवाज होता हे मला नंतर माझ्या थोरल्या भावानं तेल घालून दाखवलं, पण तोवर मी तो खोकला अर्ध्या गल्लीला करून दाखवला होता. आत्तीच्याही कानावर गेलं. तिनं मला मागच्या खोलीत बोलावलं, पुढ्यात बसवलं आणि विचारलं, “कसा खोकला गं? कोरडा का ओला?” मी म्हणाले, कोरडा. “करून दाव.” मी करून दाखवला. ती डोळे मिटून ऐकत राहिली. “परत,” म्हणाली. मी परत केला. परत, परत, माझा घसा खवखवायला लागेपर्यंत. मग तिनं मला खडीसाखर दिली. ती चघळत मी बाहेर आले, आणि पुन्हा कुणाला तो खोकला करून दाखवला नाही. भूत मला गमतीचं वाटत होतं, आणि आतल्या खोलीत बसलेल्या बाईला ते भाकरीइतकं लागत होतं.

माझी नात हे लिहिताना मधे मधे डोकावते आणि विचारते, “आजी, भूत खरंच होतं का?” मी तिला म्हणते, थांब, भट्टीचा पंखा अजून बंद झालेला नाही. पण तुम्हाला सांगते, फ्रिजमधली बाटली काढून ओट्यावर ठेवली की तिलाही घाम येतो. ती बाटली मी आजतागायत फडक्यानं पुसलेली नाही. पदरानं पुसते, कुणाचं लक्ष नाही असं बघून.

तर हेडं गळत होती, आणि त्याची झळ लागत होती दस्तगीरचाचांना. इंजिनवाल्यांचा माणूस आला, गळकी हेडं बघितली, आणि अण्णांना बाजूला घेऊन म्हणाला, “पावणं, वस्ताद होते तवा असं न्हवतं. माणूस बदला, न्हायतर आमी फौंड्री बदलतो.” बाजूला घेऊन म्हणाला खरं, पण कोल्हापूरचा माणूस हळू बोलला तरी ते पलीकडच्या गल्लीत ऐकू जातं. दस्तगीरचाचा साचा धरत होते, त्यांचे हात थांबले. संध्याकाळी ते अण्णांपुढं उभे राहिले. “मालक, वस्तादनं मला हात दिला, पण हाताचं यश दिलं न्हाय. फुडच्या मालाला बी घाम आला तर मी हे काम सोडतो. तुमी सांगायच्या आदी मीच सांगतो.” घरात त्यांच्या बायकोनं दर्ग्याला नवस बोलला होता. ते स्वतः जेवताना आपले तळवे उलटसुलट करून बघत बसायचे, असं ती आईला सांगून गेली. पन्नाशीला आलेला माणूस, दुसरं काम येत नव्हतं, आणि हे काम तर आता हातातलं निघून चाललेलं.

सोमवारी फौंड्रीला सुट्टी असायची. त्या सोमवारी भर दुपारी मी एकटी शेडमध्ये शिरले. रात्री जायची माझी छाती नव्हती, म्हणून मी स्वतःची समजूत काढली होती की खरी भुतं दुपारीच निघतात. पत्रे तापून कडकड वाजत होते. एवढी माणसांची जागा, आणि कुठं कुणाची चाहूल नाही. कोपऱ्यातनं बोलण्याचा आवाज आला. मी वाळूच्या ढिगामागं बसले आणि बघितलं, तर आत्ती मामांच्या फळीपुढं उभी. तिनं थाप्या पुसल्या, फूल वाहिलं, डब्याला हळद-कुंकू लावलं, आतल्या चापलेटांवरही चिमूटभर कुंकू टाकलं, आणि तांब्यातलं पाणी हातात घेऊन सगळ्यावर शिंपडलं. सगळं करताना ती बोलत होती, आईनं शेवग्याची आमटी कशी खारट केली ते, मुरगूडच्या घराचं कौल पडलं ते. मधे मधे थांबायची, जणू पलीकडचं ऐकून घेतेय. मी पळत येऊन आईला सगळं सांगितलं. “आत्ती मामांशी बोलतीया! आणि ते उत्तर देतात!” फक्त पाण्याचं सांगायचं मला सुचलं नाही. देवापुढं पाणी शिंपडतातच की, त्यात काय सांगायचं? एवढी मोठी भूतशोधक. भूत माझ्या डोळ्यांदेखत तांब्यातनं ओंजळीत आलं, आणि मी त्याच्यावरनं नजर उडवून खांबामागं बघत होते.

दसरा झाला. हवा इतकी कोरडी पडली की ओठ फुटायला लागले, आणि पावसाचा बहाणाही संपला. हेडाला घाम तसाच. अण्णांचा धीर सुटला. आत्ती दुपारची पडली असताना त्यांनी घण मागवला. एक गळकं हेड जमिनीवर उपडं टाकलं आणि घाव घातले. लोखंड फुटल्याचा आवाज मी तोवर पुष्कळ ऐकला होता, पण त्या दिवशी सगळ्यांनीच डोळे मिटून घेतले, दस्तगीरचाचांनी तर तोंड फिरवलं. चौथ्या-पाचव्या घावाला डावं अंग निखळलं. आणि त्या भिंतीतनं, दाढ पडावी तसं, एक चापलेट टुणकन बाहेर पडलं. अख्खं. रसात इतकं होरपळूनही न वितळलेलं, भोवती तांबडी साल.

अण्णांनी ते उचललं. “गंजलंय हे.”

“गंज न्हवं मालक,” दस्तगीरचाचा म्हणाले. “कुंकू हाय ते. वैनी डब्याला वाहत्यात. मी कसं पुसू? पुसलं न्हाय कवा.”

“येड्या, कुंकू कवाच जळून गेलं असतं की रे. हे बघ.” अण्णांनी नखानं खरवडलं. साल निघाली नाही. ते फळीपाशी गेले, डब्यातली चापलेटं मूठमूठ काढून कोरड्या जागी ठेवली. वरची चापलेटं कुंकवानं लाल होती, आणि खालची त्याहून लाल. तळाशी बोटभर पाणी. “आत पाणी कुठनं आलं?”

तेव्हा कुठं माझ्या थोर डोक्यात उजेड पडला. “अण्णा, आत्ती पूजेचं पाणी शिंपडते की. मी बघितलंय.”

दस्तगीरचाचा वाळूवर उकिडवे बसले आणि आपल्या तळव्यांकडं बघायला लागले, नवीन मिळाल्यासारखे. अण्णांच्या तोंडावर आधी हसू आलं आणि मग ते तिथंच अर्धवट राहिलं, कारण पुढची गोष्ट त्यांच्याही लक्षात आली होती. दमट, गंजकं चापलेट रसात एकजीव होत नाही, त्याच्या कडेनं पाणी वाट काढतं, आणि डाव्या अंगाला भिंत सगळ्यात पातळ म्हणून वाट नेहमी तिथनंच. हा साधा हिशेब. पण तो हिशेब आत्तीला सांगणार कोण? घाम मामांचा नव्हता, तिनंच रोज ओंजळीनं घातलेला होता, हे तिला कुणाच्या तोंडानं ऐकवायचं?

अण्णांनी आईला शेडमध्ये बोलावून सगळं दाखवलं आणि म्हणाले, “शांते, तू सांग.” आई म्हणाली, “बहीण तुमची, आनि मी सांगू?” मग दोघांनी माझ्याकडं बघितलं, आणि ताबडतोब दुसरीकडं बघितलं. शेवटी आईनंच तोडगा काढला. सांगायचंच नाही. नवी चापलेटं आमच्या स्वयंपाकघरात, तूरडाळीच्या डब्याशेजारी ठेवायची; मामांचा डबा फळीवर तसाच राहू द्यायचा, आत्तीनं हवं तेवढं पाणी घालावं. दस्तगीरचाचांना हे पटलं नाही. “वस्तादला न विचारता?” म्हणाले. आई म्हणाली, “तुमास्नी काम पायजे का वस्ताद?” पुढच्या भट्टीला चाचांनी डाळीच्या शेजारनं चापलेटं उचलली तेव्हा चोरी करताना धरल्यासारखे मान खाली घालून गेले.

माल ओतला, साचे फोडले, हेडं घासून आली. चाचणीचा दिवस. चपला ओळीनं निघाल्या. आत्ती आली, स्टुलावर बसली, पदराचं टोक बोटाला गुंडाळून तयार. अण्णा पंप मारायला लागले. कुईकुई. हेड कोरडं. आम्ही श्वास धरलेला. कोरडं. आत्तीनं मान पुढं केली. दुसरं हेड लावलं, तिसरं लावलं. कोरडी, धडधडीत कोरडी. दस्तगीरचाचांचे ओठ हलत होते, पण आनंद करायची सोय नव्हती; आमच्यापुढं एक बाई वाट बघत बसली होती.

“अजून मार,” आत्ती म्हणाली.

“आक्का, दाब पुरे झालाय.”

“अजून मार, बाबू.”

अण्णांनी मारला. तिनं त्या जागेवर तळवा टेकवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. मग हात उचलून बघितला. मग एक-एक करून आमच्या सगळ्यांच्या तोंडाकडं बघितलं, आणि दस्तगीरचाचांवर येऊन थांबली.

“दस्तगीर, चापलेटं कुठनं आणलीस?”

त्यांना तिच्याशी खोटं बोलता येत नव्हतं. त्यांची नजर स्वयंपाकघराच्या दाराकडं गेली.

“ह्यांची चापलेटं पावसाळ्यात तव्यावर मी भाजून दिल्यात,” आत्ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. “चुलीवर, भाकऱ्या झाल्या की. दमट चापलेट गळतंय हे मला शिकवायचं व्हय तुमी? मला?”

आईच्या तोंडून निघून गेलं, “म्हंजे वन्सं, तुमास्नी ठाव होतं?”

“पयल्यांदा न्हवतं ठाव. देवाशपथ, पयल्यांदा मला ते आल्यात असंच वाटलं. मग एक दिवस डब्यात हात घातला आनि कळलं.” तिनं पदराचं टोक बोटावरनं सोडवलं. “कळल्यावर थांबवायचं, तर मग मीच त्यास्नी जा म्हटल्यासारखं की गं. दुसऱ्या दिवशी तांब्या घेतला, म्हटलं आजच्या दिवस. रोज म्हटलं, आजच्या दिवस.”

भट्टी पेटलेली नव्हती तरी मला गदगदून उकडायला लागलं. मला वाटत होतं कुणीतरी रडावं, म्हणजे मला तिथनं हलता येईल. पण बोलले ते दस्तगीरचाचा, आणि तेही मी कधी ऐकलं नव्हतं अशा आवाजात. “वैनी, मला वाटलं माझं हात गेलं. मी घरात पोरीच्या डोक्यावर हात ठेवत न्हवतो. वाईट लागंल म्हणून.”

आत्ती त्यांच्याकडं बघत राहिली. हे तिच्या ध्यानातच आलेलं नव्हतं, ते तिच्या तोंडावर दिसत होतं. मामा परत यावेत ह्या ओढीत लॅडलचा पलीकडचा दांडा धरणारा माणूस तिला दिसलाच नव्हता. ती उठली आणि घरात निघून गेली. जेवायला बाहेर आली नाही. दुसऱ्या दिवशी फळीकडं गेली नाही. तिच्या खोलीत भांड्याचाही आवाज होईना, आणि जिला भूत हवं होतं त्या मला आमच्याच घरात फिरायची भीती वाटायला लागली. इतकं कुणी नसलेलं घर मी आधी पाहिलं नव्हतं.

भट्टीचा दिवस आला. सकाळी आई चुलीवर भाकऱ्या करत होती, मी पिठाची परात ओढत होते, अण्णा चहाचा कप घेऊन दारात. मागच्या दारातनं दस्तगीरचाचा आत आले. ते स्वयंपाकघरात कधी येत नसत, उंबऱ्याबाहेरच उभे राहायचे. डाळीच्या शेजारचा डबा त्यांनी उचलला, आणि शेडकडं न जाता ते आत्तीच्या खोलीच्या दारापाशी गेले. “वैनी,” म्हणाले, “भट्टी हाय आज. हवा दमट वाटतीया. भाजून देता न्हवं?”

हवा अजिबात दमट नव्हती. अण्णा कप घेऊन पुढं आले, दबक्या आवाजात म्हणाले, “दस्तगीर, तिच्या हातात नको. परत झालं तर?” चाचांनी मागं वळूनही बघितलं नाही. “तिच्याच हातात, मालक. न्हायतर मला नको काम.”

आत्ती बाहेर आली. केस विस्कटलेले, डोळे सुजलेले. डबा घेतला. आई चुलीपुढनं सरकली. आत्ती बसली, भाकरीचा तवा तसाच ठेवून त्यावर चापलेटं ओतली, आणि बोटांनी, चिमट्यानं नव्हे, एक-एक उलटायला लागली. कथील तापल्याचा एक बारीक वास आला, भाकरीच्या वासात मिसळला. चाचा उंबऱ्यावर बसून होते. तेवढ्यात आत्तीचा हात शेजारच्या तांब्याकडं गेला.

तांब्या पाण्यानं भरलेला होता. तिनं तो उचलला आणि तव्यावर धरल्यासारखा तसाच हातात धरून बसली. अण्णांचा कप ओठाशी थांबला. आईच्या हातातला गोळा परातीत पडला. मी तर बघायचंच नाही असं ठरवून बोटांच्या फटीतनं बघत होते. फक्त दस्तगीरचाचा जमिनीकडं बघत राहिले, मान वर केली नाही.

आत्तीनं तांब्या तोंडाला लावला आणि घटाघट रिकामा केला. पदरानं तोंड पुसलं, आमच्याकडं वळली आणि म्हणाली, “काय बघताय टकामका? माणसाला तहान लागत न्हाय व्हय?”